कम्युनिटी कॉलेज आणि ऊर्जा उद्योग: अमेरिकेत प्रशिक्षणाची भागीदारी उभी करताना

अमेरिकेतील एखाद्या कम्युनिटी कॉलेजात, किंवा वीज, वायू अथवा तेल कंपनीच्या प्रशिक्षण विभागात नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे कधी ना कधी हे काम येते: आपल्या भागातले कॉलेज आणि कंपनी यांना एकत्र आणायचे आणि कंपनीला हवे असलेले तंत्रज्ञ घडवणारा अभ्यासक्रम सुरू करायचा. काम ऐकायला सोपे वाटते, कारण दोन्ही बाजूंना ते हवेच असते. तरीही बहुतेक ठिकाणी सुरुवात सामंजस्य करारावरच्या सह्यांनी आणि देणगीदाखल मिळालेल्या एखाद्या यंत्राच्या अनावरणाने होते, आणि दोन वर्षांनी कॉलेजकडे यंत्र असते, पण शिकवणारा नसतो. विद्यार्थी असतात, पण त्यांना घेणारी कंपनी भरती थांबवून बसलेली असते. माझे ठाम मत असे आहे की भागीदारीची सुरुवात करारापासून किंवा यंत्रापासून करू नये. ती प्रत्यक्ष कामापासून आणि त्या कामावर किती माणसे लागणार आहेत या आकड्यापासून करावी. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी कॉलेजविषयी थोडे. कम्युनिटी कॉलेज ही दोन वर्षांचे शिक्षण देणारी स्थानिक सार्वजनिक संस्था असते. त्यांतले सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज म्हणजे इलिनॉय राज्यातले जोलिएट ज्युनियर कॉलेज, जे १९०१ साली सुरू झाले. आज देशभरात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. इथे प्रवेश साधारणपणे सर्वांना खुला असतो, आणि काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रापासून सुमारे ६० क्रेडिटांच्या उपयोजित सहयोगी पदवीपर्यंत वेगवेगळ्या लांबीचे अभ्यासक्रम एकाच छपराखाली चालतात. कंपनीच्या दृष्टीने खरे महत्त्व आणखी एका गोष्टीला आहे: कॉलेजचा विद्यार्थी त्याच भागात राहणारा असतो आणि शिकून झाल्यावरही बहुधा तिथेच राहतो. विजेचे उपकेंद्र, पवनचक्क्यांचे क्षेत्र किंवा रिफायनरी जागची हलत नाही, त्यामुळे तिथे काम करणारा माणूसही जवळचाच असलेला बरा.

पहिली पायरी: कोणते काम, कुठे आणि किती जण

‘ऊर्जा क्षेत्रात मनुष्यबळाची मोठी गरज आहे’ या वाक्यावर कोणताही अभ्यासक्रम उभा करू नये. कंपनीच्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत: पुढच्या २४ महिन्यांत कोणत्या पदावर माणसे घेणार, ती कोणत्या गावातल्या केंद्रावर लागणार, आणि आकडा किती. लाइनमन, उपकेंद्र तंत्रज्ञ, वायुवाहिनी तंत्रज्ञ, पवनचक्की तंत्रज्ञ, रिफायनरीतला प्रोसेस ऑपरेटर, अणुवीज केंद्रातला उपकरण तंत्रज्ञ ही सगळी वेगवेगळी कामे आहेत आणि एकाच्या तयारीवर दुसरे काम मिळत नाही. उत्तर ‘वर्षाला आठ लाइनमन’ असे आले, तर चाळीस विद्यार्थ्यांची तुकडी काढणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे, मग कॉलेजला कितीही अनुदान मिळत असो.

आकडा लहान निघाला म्हणून खचून जाऊ नये. शेजारच्या कंपन्या, ग्रामीण वीज सहकारी संस्था, नगरपालिकांच्या वीज यंत्रणा आणि कंत्राटदार यांना एका टेबलाभोवती बसवले की लहान आकड्यांची बेरीज एका तुकडीपुरती होते. ह्यूस्टनच्या परिसरातल्या नऊ कम्युनिटी कॉलेजांनी एक्सॉनमोबिलच्या साहाय्याने पेट्रोकेमिकल उद्योगासाठी असाच एकत्रित उपक्रम चालवला आणि त्याचे नेतृत्व बेटाउनच्या ली कॉलेजकडे होते. एका कॉलेजने एका कंपनीच्या मागे धावण्यापेक्षा ही रचना कितीतरी टिकाऊ असते. वीज आणि वायू कंपन्यांनी २००६ साली स्थापन केलेले सेंटर फॉर एनर्जी वर्कफोर्स डेव्हलपमेंट हेही नवख्या माणसाने लवकर गाठावे असे ठिकाण आहे. या उद्योगाची मूलभूत ओळख करून देणारा तयार अभ्यासक्रम त्यांनी बांधलेला आहे.

आकडा घेताना उद्योगाची चढउतारही ध्यानात ठेवावी लागते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकन कच्च्या तेलाचा वायदेभाव शून्याच्या खाली गेला होता. ज्या विद्यार्थ्याला त्या वसंतात केवळ तेलविहिरीवरचेच काम येत होते त्याच्यापुढे काय उभे राहिले असेल, याचा विचार अभ्यासक्रम आखणाऱ्याने करायलाच हवा. यावर उपाय म्हणून पाया रुंद ठेवावा: वीज, हायड्रॉलिक्स, यंत्रांची देखभाल, आराखडे वाचणे आणि नियंत्रण प्रणाली हे विषय सर्वांना समान असावेत, आणि विशिष्ट उद्योगाचे शिक्षण शेवटच्या टप्प्यात यावे. पवनचक्कीवर चढणाऱ्या तंत्रज्ञाला हायड्रॉलिक्स नीट येत असेल तर त्याला कारखान्याचे दारही बंद राहत नाही.

दुसरी पायरी: काम करणाऱ्यालाच विचारणे

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची हीच आहे. कॅनडात १९६०च्या दशकात निघालेली आणि पुढे ओहायो स्टेट विद्यापीठाने रुजवलेली ‘डेकम’ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात पाच ते बारा अनुभवी कामगारांना साधारण दोन दिवस एका खोलीत बसवतात. त्यांत साहेब नसतात, प्राध्यापक नसतात, ते काम रोज हाताने करणारी माणसे असतात. चर्चा चालवणारा त्यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो: ‘तुम्ही नेमके काय करता?’ प्रत्येक उत्तर एका कार्डावर क्रियापदासह लिहून भिंतीवर लावले जाते.

अशा खोलीत काय घडते ते लाइनमनच्या कामावरून पाहू. एकजण सांगतो, ‘आम्ही ट्रान्सफॉर्मर बदलतो.’ कार्ड भिंतीवर लागते. मग विचारले जाते, त्याच्या आधी काय करता? हळूहळू गोष्टी बाहेर येतात: ट्रक कुठे उभा करायचा ते ठरवतो, चाकांना अडण लावतो, रहदारीसाठी शंकू मांडतो, सगळे ट्रकच्या मागे जमून आजच्या कामाबद्दल बोलतो, खांब ठोकून आणि खोदून कुजलेला नाही ना ते पाहतो, तारेत वीज नाही याची मीटरने खात्री करतो, अर्थिंग लावतो. ट्रान्सफॉर्मर बदलण्याचे एक कार्ड अशा रीतीने दहा-बारा कार्डांचे होते. त्यातले ‘ट्रकमागे जमून बोलणे’ हे गप्पांचे काम नव्हे. केंद्रीय सुरक्षा नियम १९१०.२६९ नुसार काम सुरू करण्यापूर्वी अशी बैठक घेणे बंधनकारक आहे, आणि तिच्यात पाच गोष्टी सांगाव्याच लागतात: त्या कामातले धोके, कामाची पद्धत, विशेष खबरदारी, वीजस्रोतावरचे नियंत्रण आणि वापरायची संरक्षक साधने. केवळ पुस्तकावरून आखलेल्या अभ्यासक्रमात ट्रान्सफॉर्मरच्या सिद्धांताला आठवडे मिळतात आणि या बैठकीला एक तासही मिळत नाही. भिंतीवरची कार्डे पाहिल्यावर मात्र कॉलेज रोजच्या प्रात्यक्षिकाची सुरुवातच त्या बैठकीने करते आणि दर दिवशी वेगळ्या विद्यार्थ्याला ती घ्यायला लावते.

भिंतीवरचा तक्ता तयार झाला की तो कंपनीच्या फोरमन मंडळींकडून तपासून घ्यावा, आणि प्रत्येक कार्डासमोर तीनपैकी एक खूण करावी: हे कॉलेजने शिकवायचे, हे कंपनीने कामावर शिकवायचे, की हे दोघांनी मिळून शिकवायचे. पुढे कराराचा निम्मा मजकूर या खुणांतूनच तयार होतो.

तिसरी पायरी: अभ्यासक्रमाचे रूप ठरवणे

क्रेडिट देणारा, म्हणजे पदवीत धरला जाणारा, अभ्यासक्रम करायचा की बिनक्रेडिटचा, हा इथला पहिला निर्णय असतो. क्रेडिटच्या अभ्यासक्रमाला राज्याची मंजुरी आणि मान्यता देणाऱ्या संस्थेची संमती लागते आणि त्यात अनेक महिने जातात. बिनक्रेडिटचा वर्ग लवकर सुरू होतो, पण त्या शिक्षणावर विद्यार्थ्याला पुढे पदवी मिळवणे अवघड जाते आणि शिष्यवृत्तीचीही अडचण येते. शक्य असेल तिथे पहिली तुकडी बिनक्रेडिट काढून त्याच काळात क्रेडिटची मंजुरी मागावी, आणि पहिल्या तुकडीच्या शिक्षणाला नंतर क्रेडिट कसे मिळेल तेही तेव्हाच लिहून ठेवावे.

पैशांची वाट कायद्यांतून जाते, म्हणून त्यांची नावे ओळखीची असावीत. तांत्रिक शिक्षणाला केंद्राचा निधी देणारा पर्किन्स कायदा मूळचा १९८४ चा असून त्याची सध्याची आवृत्ती २०१८ ची आहे. तिच्यानुसार स्थानिक गरजांची पाहणी किमान दोन वर्षांतून एकदा करावी लागते, आणि पहिल्या पायरीतले आकडे तिथे थेट उपयोगी पडतात. २०१४ च्या मनुष्यबळ कायद्याखाली स्थानिक मनुष्यबळ मंडळे काम करतात. त्यांच्या पात्र प्रशिक्षण संस्थांच्या यादीत अभ्यासक्रम आला, तर बेरोजगार प्रौढांची फी तिथून भरली जाऊ शकते. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणाऱ्या पेल अनुदानासाठी अभ्यासक्रम साधारणतः किमान १५ आठवड्यांचा असावा लागे. २०२५ साली झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांनाही, किमान ७० टक्के विद्यार्थ्यांनी तो पूर्ण करणे आणि किमान ७० टक्क्यांना काम मिळणे अशा अटींवर, ही दारे उघडली आहेत. म्हणून अभ्यासक्रमाची लांबी ठरवताना आर्थिक साहाय्य विभागातल्या सहकाऱ्याला सुरुवातीलाच सोबत घ्यावे.

अनुदानाबद्दल एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. २०११ पासून केंद्र सरकारने कम्युनिटी कॉलेजांच्या रोजगाराभिमुख प्रशिक्षणासाठी चार फेऱ्यांत मिळून सुमारे १९० कोटी डॉलर दिले. तो कार्यक्रम २०१८ साली संपला. मुदतीच्या पैशातून इमारत आणि यंत्रे घ्यावीत, पण शिक्षकाचा पगार पहिल्या दिवसापासून अशा स्रोतातून यावा की जो अनुदानाबरोबर आटणार नाही.

प्रमाणपत्रे निवडताना कंपनी भरतीच्या वेळी प्रत्यक्ष काय पाहते तेवढेच विचारावे. सौर क्षेत्रात नॅबसेप या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या प्राथमिक स्तराच्या परीक्षेला किंमत आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर जायचे तर जागतिक पवन संघटनेचे पाच भागांचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण लागते: प्रथमोपचार, वजन हाताळणे, आगीबाबत सजगता, उंचीवरील काम आणि समुद्रात तग धरणे. वीज कंपन्यांपैकी बऱ्याच जणी एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट या वीज कंपन्यांच्या संघटनेची ‘कास्ट’ ही निवड परीक्षा घेतात. तिच्यात आकडेमोड, यांत्रिक समज आणि वाचन तपासले जाते, आणि चांगले हात असलेले अनेक विद्यार्थी केवळ अपूर्णांकांच्या गणितात अडकतात. त्या गणिताचा वर्ग अभ्यासक्रमाच्या आतच ठेवणे हे कॉलेजचे कर्तव्य मानावे.

अणुवीज क्षेत्रात हा भाग सर्वांत नीट बांधलेला आहे. तिथे उद्योगाने एक सामाईक अभ्यासक्रम आखून दिला आहे. तो पूर्ण करणाऱ्याचे प्रमाणपत्र त्यात सहभागी असलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांत ग्राह्य धरले जाते आणि कामावर गेल्यावरचे प्राथमिक प्रशिक्षण काही प्रमाणात कमी होते. जॉर्जियातल्या व्होग्टल केंद्राच्या नव्या दोन अणुभट्ट्यांनी २०२३ आणि २०२४ साली व्यावसायिक उत्पादन सुरू केले. त्या परिसरातले ऑगस्टा टेक्निकल कॉलेज हे या सामाईक अभ्यासक्रमाच्या जवळून पाहण्याजोग्या उदाहरणांपैकी एक आहे.

काही पदांसाठी नोंदणीकृत अप्रेंटिसशिप हाच योग्य मार्ग असतो. १९३७ च्या कायद्यावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेत कामावरचे किमान २,००० तास आणि जोडीला दरवर्षी सुमारे १४४ तास वर्गातले शिक्षण अपेक्षित असते. लाइनमनची अप्रेंटिसशिप बऱ्याच ठिकाणी ७,००० तासांची, म्हणजे साधारण चार वर्षांची असते. कॉलेजचा लाइनमन वर्ग हा या अप्रेंटिसशिपच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा असतो, तिची जागा घेणारा नसतो, हे विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी स्पष्ट शब्दांत सांगावे. जिथे कामगार संघटना आहे तिथे तिच्या प्रतिनिधीला पहिल्याच बैठकीला बोलवावे. आयबीईडब्ल्यू या वीज कामगारांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेला आराखडा तयार झाल्यावर कळवणे म्हणजे काम पुन्हा पहिल्यापासून करण्याची तयारी ठेवणे होय.

चौथी पायरी: शिकवणारा माणूस आणि सरावाची जागा

शिक्षक मिळणे हीच या साऱ्यातली खरी अडचण आहे, कारण अनुभवी लाइनमनला किंवा ऑपरेटरला कंपनीत मिळणारा पगार कॉलेज देऊ शकत नाही. म्हणून कंपनीकडे काही मागायचेच असेल तर यंत्राच्या आधी माणूस मागावा: निवृत्तीला आलेला एखादा फोरमन वर्षातले काही महिने कंपनीच्या पगारावर कॉलेजात शिकवील, अशी व्यवस्था कोणत्याही देणगीपेक्षा मोठी आहे. अशा माणसाला वर्ग घेण्याची तंत्रे शिकवण्याची जबाबदारी मात्र कॉलेजने उचलावी. वीस वर्षे हात चालवलेल्या माणसाला आपण नेमके काय करतो ते शब्दांत सांगणे सोपे नसते, आणि ते त्याला जमावे म्हणून कोणीतरी पहिले सहा महिने त्याच्या सोबत राहायला हवे.

सरावाची जागा कामासारखी असावी. आयोवातल्या एस्टरव्हिल येथील आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेजने २००४ साली पवन ऊर्जेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यांची स्वतःची १.६५ मेगावॅटची पवनचक्की आहे. विद्यार्थी खऱ्या मनोऱ्यावर चढतात. टेक्सासमध्ये सॅन जॅसिंटो कॉलेजने २०१९ साली पेट्रोकेमिकल आणि ऊर्जा प्रशिक्षणाचे स्वतंत्र केंद्र उघडले. एवढा खर्च सर्वांना झेपणारा नाही, पण लाइनमनच्या वर्गाला मोकळे मैदान, पुरलेले लाकडी खांब, त्यांवरचे आडवे दांडे, बिनविजेच्या तारा आणि माणसाला पाळण्यातून वर नेणारा एक बकेट ट्रक एवढ्यावर चांगली सुरुवात करता येते.

कंपनीने जुने सामान देऊ केले तर ते तपासून घ्यावे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचे विषारी रसायन असू शकते. त्याचे उत्पादन अमेरिकेत १९७९ साली बंद झाले, पण तेव्हाचे ट्रान्सफॉर्मर अजून कोठारांत असतात. तेलाची तपासणी होऊन पीसीबीचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ५० पेक्षा कमी असल्याचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय असा ट्रान्सफॉर्मर कॉलेजच्या आवारात येऊ देऊ नये. चढण्याच्या साधनांचेही तसेच आहे. १ एप्रिल २०१५ पासून केंद्रीय नियमांनी खांबावर चढताना आणि जागा बदलतानाही, ते अशक्य किंवा अधिक धोक्याचे असल्याचे मालकाला दाखवता आल्याखेरीज, पडण्यापासूनचे संरक्षण सक्तीचे केले. त्याआधी शिकलेला लाइनमन पायाला बांधलेल्या लोखंडी आकड्यांवर मोकळा चढायचा आणि वर पोचल्यावर पट्टा लावायचा. आजचा विद्यार्थी खांबाभोवती आवळणारा पट्टा पहिल्या फुटापासून सोबत घेऊन चढतो. जुने पट्टे देणगीत घेतले आणि जुन्या सवयीचा शिक्षक लाभला, तर वर्ग चुकीचेच काम पक्के शिकवतो.

पाचवी पायरी: करार

आता करार लिहावा. लांबलचक उद्दिष्टांपेक्षा त्यात हे स्पष्ट असावे: कंपनी दरवर्षी किती तास कोणाला पाठवील, यंत्रे कोणाच्या मालकीची आणि दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हातमोजे, तारा, इंधन यांसारखे रोज संपणारे सामान कोण देईल, सरावात इजा झाली तर विमा कोणाचा. नोकरीची हमी लिहू नये, कारण कोणतीही कंपनी ती पाळू शकत नाही. पण अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या प्रत्येकाची मुलाखत घेतली जाईल, हे वाक्य घालता येते आणि ते घालण्याचा आग्रह धरावा. विद्यार्थ्यांची माहिती कंपनीला देण्याआधी १९७४ च्या शैक्षणिक नोंदींच्या कायद्यानुसार विद्यार्थ्याची संमती घ्यावी लागते, तो नमुनाही कराराला जोडावा. कंपनीने मध्येच अंग काढले तरी चालू तुकडीचे शिक्षण पूर्ण होईल आणि तोवर सामान व शिक्षक मिळत राहतील, हे कलम नसेल तर सही करू नये.

सहावी पायरी: विद्यार्थी निवडणे आणि त्यांना खरे सांगणे

माहितीपत्रकात पगाराचा आकडा ठळक असतो आणि पहाटे तीन वाजता बर्फात खांबावर चढण्याचा उल्लेख नसतो. रिफायनरीतला ऑपरेटर बारा तासांच्या फिरत्या पाळ्यांत काम करतो. लाइनमन दूरच्या राज्यात वादळानंतर आठवडे घालवतो. हे सगळे घरच्यांसह ऐकण्याची संधी विद्यार्थ्याला प्रवेशाआधीच द्यावी. उंचीवरच्या कामासाठी फी भरण्यापूर्वी एकदा चढून पाहण्याचा दिवस ठेवावा, म्हणजे ज्याला वीस फुटांवर हात सोडवत नाही त्याचे पैसे आणि सत्र दोन्ही वाचतात, आणि त्याला उपकेंद्राच्या किंवा मीटरच्या कामाकडे सन्मानाने वळवता येते.

तीन अटी उशिरा कळतात आणि फार नुकसान करतात. एक म्हणजे अवजड वाहनाचा ‘अ’ वर्गाचा परवाना: लाइनमनच्या बहुतेक जागांसाठी तो लागतो, ७ फेब्रुवारी २०२२ पासून त्याआधी नोंदणीकृत संस्थेकडून प्रशिक्षण घेणे सक्तीचे आहे, आणि राज्याची हद्द ओलांडून असे वाहन चालवायला साधारणतः वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. दुसरी अट अमली पदार्थांच्या चाचणीची. काही राज्यांत गांजा कायदेशीर असला तरी या परवान्याची चाचणी केंद्रीय नियमांनी होते आणि तिथे ती सवलत चालत नाही. तिसरी पार्श्वभूमीच्या तपासणीची, जी अणुवीज केंद्रात विशेष कडक असते. या तिन्ही गोष्टी पहिल्याच आठवड्यात समोर ठेवाव्यात.

सातवी पायरी: मोजणे आणि भागीदारी जिवंत ठेवणे

किती जणांना प्रमाणपत्र मिळाले हा आकडा सगळे मोजतात. त्याच्या पुढचे दोन आकडे मोजावेत: शिकलेल्या क्षेत्रात किती जण लागले, आणि वर्षभरानंतर त्याच कामावर किती जण टिकले. दुसरा आकडा कंपनीकडूनच मिळतो, म्हणून तो देण्याची तारीख करारात असावी. गेलेल्या प्रत्येकाला फोन करून कारण विचारावे. कारण पगार, घरापासूनचे अंतर की वरिष्ठाची वागणूक, हे कळल्याशिवाय अभ्यासक्रमातला दोष आणि कंपनीतला दोष वेगळे करता येत नाहीत.

डेकमचा तक्ता दर तीन वर्षांनी पुन्हा भिंतीवर लावावा आणि नव्या कामगारांकडून दुरुस्त करून घ्यावा, कारण संरक्षक साधने, मीटर आणि नियंत्रण प्रणाली तेवढ्या काळात बदललेल्या असतात. भागीदारीवर नजर ठेवणाऱ्या सल्लागार समितीची बैठक वर्षातून दोनदा पुरते, मात्र तिला व्यवस्थापकाबरोबर एक तरी फोरमन आणि एक-दोन वर्षांपूर्वी शिकून गेलेला एक विद्यार्थी असावा. तारीख ठरवताना दिनदर्शिकेबरोबर हवामानही पाहावे: मेक्सिकोच्या आखाताकाठी आणि अटलांटिक किनाऱ्यावर १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम असतो, आणि त्या काळात इतर राज्यांतल्या वीज कंपन्यांचीही पथके मदतीला जातात. म्हणून एक बैठक फेब्रुवारीत आणि दुसरी मेच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी, म्हणजे फोरमन खुर्चीत बसलेला सापडतो.